कॅगचा अहवाल आणि लोकलेखा समिती: फुकट मिळणारी सेवा, वापरायची कशी आणि अडते कुठे

सरकारने कर किती गोळा केला आणि तो कुठे घातला, याची तपासणी दोन टप्प्यांत होते. कॅग (भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक) हिशेब तपासून अहवाल देतो आणि संसदेची लोकलेखा समिती त्या अहवालावर खात्यांना जाब विचारते. दोघांचेही अहवाल त्यांच्या संकेतस्थळांवर पीडीएफमध्ये फुकट मिळतात. पत्रकार, करसल्लागार, स्पर्धा परीक्षेची मुलं, माहिती अधिकारात अर्ज टाकणारे कार्यकर्ते अशा सगळ्यांच्या उपयोगाची ही सेवा आहे. पहिल्या टप्प्याला पाचपैकी चार गुण, दुसऱ्याला जेमतेम अडीच.

आधी क्रमांकाचं पाहू, कारण तिथेच बरेच जण फसतात. ‘२०२० चा अहवाल क्रमांक ४’ हा २०२० चा हिशेब नव्हे. तो केंद्राच्या २०१८-१९ च्या लेख्यांवरचा आहे आणि संसदेत आला सप्टेंबर २०२० मध्ये. क्रमांकातलं वर्ष अहवालाचं, हिशेबाचं वर्ष वेगळं. ते प्रस्तावनेत दिलेलं असतं, म्हणून पहिलं पान वगळू नका. सारांश मात्र बिनधास्त वगळा. बातम्या त्यावरूनच होतात आणि पुढच्या प्रकरणांतला निम्मा मुद्दा त्यातून गळालेला असतो.

सगळ्यात उपयोगी प्रकरण विनियोजनाचं, म्हणजे मंजूर पैसा कसा वापरला याचं. प्रत्येक अनुदानासमोर (म्हणजे खात्याच्या खर्चासाठी मंजूर झालेल्या रकमेसमोर) मूळ तरतूद, पुरवणी मागणी, प्रत्यक्ष खर्च आणि उरलेली रक्कम असते. दोन गोष्टी ताडून बघायच्या. उरलेली रक्कम पुरवणीपेक्षा मोठी असेल तर पुरवणी मागणी मुळात कशाला केली, हा प्रश्न. आणि पैसे परत केले ते कधी? ३१ मार्चला परत केले असतील तर ते दुसऱ्या कुठल्याच कामाला लागले नाहीत. केंद्रात एखाद्या अनुदानात १०० कोटी रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम उरली, तर खात्याला लोकलेखा समितीकडे लेखी खुलासा द्यावा लागतो. मंजुरीपेक्षा जास्त खर्च झाला तर गाठ राज्यघटनेच्या अनुच्छेद ११५ शी (राज्यांत २०५ शी). समितीने तपासून शिफारस केल्याशिवाय तो खर्च नियमित होत नाही.

लेखाशीर्षांची घाबरगुंडी नको. पहिला आकडा पुरतो: ० किंवा १ म्हणजे महसुली जमा, २ किंवा ३ महसुली खर्च, ४ किंवा ५ भांडवली, ६ किंवा ७ कर्जं, ८ म्हणजे आकस्मिकता निधी आणि लोकलेखा (सरकारकडे ठेव म्हणून असलेला पैसा). ००३० दिसलं की मुद्रांक आणि नोंदणी, २२०२ म्हणजे सर्वसाधारण शिक्षण. गौण शीर्ष (मुख्य शीर्षाखालचा उपविभाग) ८०० वर मात्र लाल खूण करा. ‘इतर जमा’ आणि ‘इतर खर्च’ तिथे जातात. ज्या खात्याची तिथली रक्कम मोठी, त्याचा पैसा नेमका कशावर गेला हे अहवालालाही सांगता येत नाही. कॅग वर्षानुवर्षं यावर लिहितो आणि खाती वर्षानुवर्षं तिथेच पैसे टाकतात.

अहवालाची खरी ताकद पाहायची तर तोच २०२० चा क्रमांक ४ उघडा आणि जीएसटी भरपाई उपकराचा परिच्छेद काढा. राज्यांचं जीएसटीमुळे होणारं नुकसान भरून देण्यासाठी हा उपकर आणला गेला होता. २०१७ च्या कायद्यानुसार तो आधी एकत्रित निधीत (सरकारच्या मुख्य तिजोरीत) जमा व्हायचा आणि मग लोकलेख्यातल्या भरपाई निधीत वळवायचा असे. लेखापरीक्षकांनी वित्तीय लेख्यांतली ८, ९ आणि १३ ही तीन विवरणपत्रं शेजारी ठेवली. २०१७-१८ मध्ये उपकर आला ६२,६१२ कोटी, वळवला ५६,१४६ कोटी. २०१८-१९ मध्ये आला ९५,०८१ कोटी, वळवला ५४,२७५ कोटी. दोन वर्षांचा फरक ४७,२७२ कोटी रुपये, आणि तो एकत्रित निधीतच राहिला. म्हणजे कायद्याने ठरवलेल्या कामाखेरीज इतर खर्चालाही उपलब्ध झाला. अर्थ मंत्रालयाचं म्हणणं असं की, जमा रकमेचा मेळ घालायला वेळ लागतो, त्याला पैसे वळवले असं म्हणता येणार नाही. कोणाचं खरं मानायचं ते वाचणाऱ्याने ठरवावं. पण तीन तक्ते एकमेकांशी ताडून एवढा मोठा फरक बाहेर येतो, हे शिकण्यासारखं आहे. शिवाय २०१८-१९ मध्ये निधीत वळवण्यासाठी अर्थसंकल्पात ९०,००० कोटींची तरतूद होती. विनियोजन लेख्यांत त्यातले ३५,७२५ कोटी नुसते ‘बचत’ म्हणून दिसतात. तेवढंच पान वाचणाऱ्याला वाटेल, वा, काटकसर झाली!

करवसुलीच्या अहवालांवरून निष्कर्ष काढताना हात आखडता घ्या. लेखापरीक्षक करदात्याची तपासणी करत नाही, करनिर्धारण करणाऱ्या खात्याची करतो (१९७१ च्या कॅग कायद्याचं कलम १६). तोही सगळ्या नाही, निवडक फायली पाहतो. त्यामुळे ‘कर परिणाम अमुक कोटी’ याचा अर्थ तेवढे कोटी बुडाले असा होत नाही. प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी खात्याचं उत्तर असतं: मान्य केलं, अमान्य केलं, की उत्तरच आलं नाही. तिन्हींचं वजन वेगळं. मसुदा परिच्छेद सचिवाकडे जातो आणि उत्तराला साधारण सहा आठवडे मिळतात, तरीही ‘उत्तर प्राप्त झाले नाही’ हे वाक्य कंटाळा येईपर्यंत भेटतं. करसल्लागारांसाठी एक गोष्ट: १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम १४८ मध्ये अलीकडच्या दुरुस्त्यांनंतर लेखापरीक्षेचा आक्षेप हीच ‘माहिती’ धरली गेली. त्याआधी कायद्याच्या अर्थाबाबत लेखापरीक्षकाचं मत पुनर्निर्धारणाला (कर पुन्हा ठरवायला) पुरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्येच ठरवलं होतं. म्हणजे अशिलाचं प्रकरण एखाद्या परिच्छेदात बसतंय का, हे बघण्याला आता पैशात किंमत आहे.

जीएसटीवरचा २०१९ चा अहवाल क्रमांक ११ जरूर वाचा. बीजकं ताडून पाहण्याची मूळ योजना दोन वर्षांनीही सुरू झालेली नव्हती आणि देशभराची विदा (डेटा) लेखापरीक्षेला मिळालेली नव्हती, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. कागदी फायलींच्या काळातल्यासारखी नमुना तपासणी करून वर्ष प्रमाणित करावं लागलं. यंत्रणेची मर्यादा तिने स्वतःच लिहून ठेवलीय, हे मोलाचं.

अंदाजी तोट्याचं प्रकरण सगळ्यात नाजूक. टू-जीवरच्या (दूरसंचार परवाने आणि स्पेक्ट्रमच्या वाटपावरच्या) अहवालातला १,७६,६४५ कोटींचा आकडा सगळ्यांना पाठ आहे. त्याच अहवालात इतर पद्धतींनी काढलेले ६७,३६४, ६९,६२६ आणि ५७,६६६ कोटी हे आकडेही आहेत, ते कोणाला आठवत नाहीत. पुढे २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले आणि डिसेंबर २०१७ मध्ये विशेष न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडलं. परवाने रद्द होणं, आरोप सिद्ध न होणं आणि तोट्याचा अंदाज या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. अहवालाला दोष देण्याआधी तक्त्याखालची गृहीतकं वाचावीत.

आता दुसरा टप्पा. लोकलेखा समितीत २२ सदस्य: १५ लोकसभेचे, ७ राज्यसभेचे. ते प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने निवडले जातात, मंत्र्याला सदस्य होता येत नाही, आणि १९६७ पासून अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याची प्रथा आहे. कागदावर रचना उत्तम. पण मुदत एकच वर्षाची. विषय हाती घेतला, साक्षी सुरू झाल्या, तोवर नवी समिती. साक्षीला सचिव येतो, मंत्री नाही. बैठका बंद दाराआड होतात, त्यामुळे अहवाल येईपर्यंत बाहेरच्यांना काही कळत नाही. राजकारण तापलं की रचनाही टिकत नाही: २०११ मध्ये टू-जीवरचा मसुदा समितीतच पक्षांच्या रेषेवर फुटला.

समिती दरवर्षी मोजकेच विषय सखोल घेते. बाकी शेकडो परिच्छेदांवर खात्यांनी कार्यवाहीच्या टिपा पाठवायच्या असतात. अहवाल पटलावर आल्यापासून चार महिन्यांत, आणि त्याही लेखापरीक्षेकडून तपासून घेऊन. उशीर होतो तो याच फेऱ्यात. खातं टीप पाठवतं, लेखापरीक्षा शेरे मारून परत करते, फाइल पुन्हा खाली जाते.

समितीच्या शिफारशींना सरकारने सहा महिन्यांत उत्तर द्यायचं असतं. त्यावर जो कार्यवाही अहवाल निघतो त्यात पाच प्रकरणं ठरलेली. दुसऱ्यात सरकारने मानलेल्या शिफारशी, तिसऱ्यात समितीने सोडून दिलेल्या, चौथ्यात ज्यांची उत्तरं समितीला पटली नाहीत त्या, पाचव्यात अंतरिम उत्तरं. थेट चौथं उघडा. तिथे सरकार आणि संसद समोरासमोर असतात. पाचवं जाड असेल तर समजा, खातं वेळ काढतंय. दुसऱ्या प्रकरणावर फार विसंबू नका. ‘सूचनांची नोंद घेण्यात आली आहे’ हेही तिथे स्वीकार म्हणूनच मोजलं जातं.

आणखी एक मोठी गोम. अहवाल सभागृहासमोर ठेवलाच पाहिजे असं अनुच्छेद १५१ सांगतो, किती दिवसांत ते सांगत नाही. दिल्ली विधानसभेत चौदा अहवाल अडकून पडले होते. पहिला पटलावर आला तो २५ फेब्रुवारी २०२५ ला, सरकार बदलल्यावर. महाराष्ट्रात अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी अहवाल ठेवण्याची रीत सगळ्यांच्या परिचयाची आहे. दिवस शेवटचा असला की त्या अधिवेशनात चर्चा उरत नाही. आणि पटलावर आल्याशिवाय समितीला त्याला हात लावता येत नाही.

राज्यापुरतं पाहायचं असेल तर ‘राज्य वित्त’ अहवाल घ्या. दोन गोष्टी शोधा: प्रलंबित उपयोगिता प्रमाणपत्रं (दिलेला पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचे दाखले) आणि वैयक्तिक ठेव खात्यांतली शिल्लक. मार्चअखेर कोषागारातून पैसा काढून ठेव खात्यात टाकला की पुस्तकात तो खर्च झालेला दिसतो, काम मात्र सुरूही झालेलं नसतं. जिल्ह्याच्या योजनेबद्दल माहिती अधिकारात अर्ज करायचा असेल तर परिच्छेद क्रमांक, हिशेबाचं वर्ष आणि लेखाशीर्ष लिहून त्या परिच्छेदावरचं ‘अनुपालन’ (खात्याने पुढे काय केलं त्याचं उत्तर) मागा. ‘योजनेची सर्व माहिती द्यावी’ असं लिहिलंत तर हमखास वाटाण्याच्या अक्षता मिळतील.

चालू वर्षाच्या खर्चासाठी ही सेवा कामाची नाही. त्यासाठी केंद्राच्या लेखा महानियंत्रकांचे मासिक लेखे पाहावेत. आणि महापालिकेच्या रस्त्यांचा हिशेब इथे शोधत बसू नका. तो सहसा पालिकेच्याच मुख्य लेखापरीक्षकाकडे असतो, आणि २०२२ मध्ये मुंबई महापालिकेच्या कामांची तपासणी कॅगकडे गेली तीही राज्य सरकारने खास विनंती केल्यावर.