मॅचसाठी ५५ इंची टीव्ही घेतला, तीन महिने वापरून जे कळलं ते

आमच्या घरी २०१२ पासून ४२ इंची प्लाझ्मा टीव्ही होता, त्यामुळे बॉलला शेपूट असतं (म्हणजे पळणाऱ्या बॉलमागे पुसट रेघ ओढली जाते) हे आम्हाला माहीतच नव्हतं. तो गेल्यावर घाईत ऑनलाइन एक साधा ६० हर्ट्झवाला (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा) एलईडी मागवला आणि पहिल्याच फुटबॉल मॅचला कॅमेरा डावीकडून उजवीकडे फिरला की गवताचा हिरवा लगदा आणि जर्सीवरचे नंबर गायब. कोल्हापूरच्या घरात हे चालतंय होय? पप्पांनी तर डोळे तपासून घेतले 😀

मग या दिवाळीला दुकानात गेलो (सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचाच्या वरच्या टीव्हींचा जीएसटी २८ चा १८ टक्के झालाय, तेवढीच सबब). दुकानात सगळ्या टीव्हींवर फुलं, धबधबे, ड्रोनमधून हळूहळू दिसणारा समुद्र. असल्या व्हिडिओत कुठलाही टीव्ही भारीच दिसतो ओ. मी मोबाइलचा हॉटस्पॉट देऊन सरळ मॅच लावायला लावली, दुकानातला पोरगा जरा वैतागला पण लावली. बघायच्या दोनच गोष्टी, कॅमेरा पळताना पाठीवरचा नंबर वाचता येतो का आणि खाली सरकणारी पट्टी वाचता येते का. तिथंच तीन मॉडेल बाद. त्यातल्या एकाच्या बॉक्सवर १२० लिहिलेलं, पण बारीक अक्षरात डीएलजी, म्हणजे पॅनल मुळात ६० चंच, उभं रिझोल्यूशन अर्धं करून १२० दाखवतात. ‘मोशन रेट’ असले आकडे पण तसलेच, ‘नेटिव्ह रिफ्रेश रेट किती’ (म्हणजे पॅनल स्वतः सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं) एवढंच विचारायचं.

शेवटी घेतला तो ५५ इंची, खरा १२० हर्ट्झ, साठ हजाराच्या आत. ओलेड (ज्यात प्रत्येक पिक्सेल, म्हणजे चित्राचा ठिपका, स्वतःच उजळतो) बघितला, त्यात पिक्सेल जवळजवळ लगेच बदलतो त्यामुळे शेपूट नाहीच, पण बजेट डबल आणि आमच्या हॉलमध्ये दुपारी ऊन थेट समोर येतं.

घरी आणल्यावर नवीनच डोकेदुखी. टीव्हीतल्या अ‍ॅपवर क्रिकेट लावलं की ब्लर नाही, पण कॅमेरा फिरताना बारीक बारीक झटके. दोन दिवस वायफायला शिव्या दिल्या. नंतर कळलं की आपल्याकडचं प्रक्षेपण सेकंदाला ५० फ्रेमच्या (चित्रांच्या) हिशोबाने असतं आणि टीव्हीतलं अ‍ॅप ते ६० मध्ये कोंबत होतं, म्हणजे दर पाच फ्रेममधली एक दोनदा दिसते, तोच झटका. सेटिंगमध्ये कंटेंटचा फ्रेम रेट मॅच करायचा पर्याय सापडला खरा, पण सगळी अ‍ॅप त्याचं ऐकत नाहीत. सेट टॉप बॉक्सवर तीच मॅच लावली तर लोण्यासारखी. डिश काढून टाकायच्या विचारात होतो, राहू दिली.

दुसरं म्हणजे ते मोशन स्मूदनिंग. फुल्ल ठेवू नका. टीव्ही दोन फ्रेमच्या मधली फ्रेम स्वतःच्या अंदाजाने बनवतो, आणि १४० किमीच्या वेगाचा बॉल ५० फ्रेममध्ये सुद्धा दोन फ्रेमच्या मध्ये पाऊण मीटरच्या वर पुढे गेलेला असतो, त्याचा अंदाज चुकला की बॉल बॅटजवळ गायबच. मी दहापैकी तीनवर ठेवलंय, बॉल दिसतो आणि प्लेअरभोवती ती पाण्यासारखी थरथरणारी कड पण येत नाही. पिक्चर बघताना शून्य, नाहीतर आई म्हणते हा सिनेमा आहे का सिरियल. काळी फ्रेम मध्ये घालायचा पण पर्याय आहे, चित्र एकदम कडक होतं पण उजेड निम्म्यावर येतो आणि माझे डोळे दुखतात, त्यामुळे बंद.

कुरकुर म्हणाल तर व्हीए पॅनल (एलईडी टीव्हीच्या पडद्याचा एक प्रकार) आहे, समोरून काळा रंग मस्त, पण बाजूच्या कॉटवरून बघितलं की रंग फिके. रात्रीच्या मॅचमध्ये काळ्या जर्सीमागे थोडी सावली अजून ओढली जाते. आवाज तर डब्यातून आल्यासारखा, जुना होम थिएटर जोडलाय.

आणि हो, अ‍ॅप काही सेकंद मागे असतं, त्यामुळे आधी गोल आम्हाला वरच्या मजल्यावरच्या आरडाओरड्यातून कळायचा. आता बॉक्सवर बघतो तर आधी आम्ही ओरडतो, आणि वरचे काका जिन्यातून विचारतात, कुणी मारला रे?