नाताळात गावी बारा माणसं: स्वतः रांधायचं, डबा सांगायचा की मदतीला बाई बघायची?

मुंबईहून फोन येतो तो ऑक्टोबरच्या शेवटालाच. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं, त्यामुळे कोकणकन्या नाहीतर तुतारीची तिकिटं हातात पडली की "वहिनी, पंचवीसला येतोय, एकतीस करूनच जाऊ." येणाऱ्यांनी तिकिटाचा विचार केलेला असतो, ताटाचा आपण करायचा. आमच्या मालवणजवळच्या घरी बारा माणसं धरली, दोन वेळचं जेवण आणि सात दिवस, तर १६८ ताटं होतात. न्याहारी आणि चहा यात धरलेलेच नाहीत.

गेल्या काही वर्षांत आम्ही तिन्ही प्रकार करून पाहिले. तुमच्याकडेही हाच घोळ चालला असेल, तर आमचं बघा आणि ठरवा.

सगळं घरी करायचं तर चवीला तोड नाही, हे आधीच सांगते. माणसं मुंबईहून येतात ती आमटी प्यायलाच. संध्याकाळी होड्या लागल्या की किनाऱ्यावर जायचं. मात्र या आठवड्यात तारकर्ली-देवबागकडे पर्यटक मावत नाहीत, त्यामुळे इसवण (सुरमई) आणि सरंगा (पापलेट) हॉटेलवाले आधीच उचलतात. त्यांच्या मागे लागलात तर खिसा रिकामा. बांगडा, सौंदाळे, तारले आणि तिसरे म्हणजे शिंपले यांवर आठवडा मजेत निघतो. बांगड्याच्या कढीला मी तिरफळं वाटणात घालत नाही. बिया काढून, पाण्याचा हात लावून नुसती ठेचते आणि गॅस बंद करायच्या जरा आधी टाकून वर झाकण ठेवते. वाटणात गेली की कडवटपणा येतो, आणि तो खोबरं वाढवूनही लपत नाही.

अडचण आहे ती नारळांची. बारा जणांच्या कढीला दोन, सोलकढीला आणखी दोन. आडाळ्यावर बसून चार नारळ खवायचे, वाटायचे, रस पिळायचा, त्यात मासे साफ करणं आलं. सकाळी साडेआठला सुरू केलं तर एकला पानं पडतात. दुपारी सगळे किनाऱ्यावर निघतात तेव्हा घरची बाई भांड्यांपाशी असते. सोलकढी रात्रीसाठी राखून ठेवावी म्हटलं, तर नारळाचा रस तोवर उतरायला लागतो. म्हणजे पुन्हा खवणं आलंच. दोन दिवस हे सगळं हौसेने होतं, तिसऱ्या दिवशी स्वर चढतो.

डबा सांगणं कागदावर फार सोपं वाटतं. आमच्याकडे घरगुती जेवण करून देणाऱ्या खानावळी गावोगाव आहेत आणि हात चांगले आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण माशांचं जेवण डब्यात टिकत नाही. रवा लावून तळलेली तुकडी वाफेने मऊ पडते, कढी परत गरम करताना जरा दुर्लक्ष झालं की फुटते. उलट कोंबडीची सागोती डब्यातून येईपर्यंत मुरते, काळ्या वाटाण्याचं सांबार तर दुसऱ्या दिवशीच खरं लागतं. वडे थोडे चिवट होतात. पण किलोभर पिठाचे चाळीसेक वडे उकळत्या तेलापुढे उभं राहून तळण्यापेक्षा मी चिवट वडे आनंदाने खाईन.

दुसरा धोका वेळेचा. एका वर्षी आम्ही ३१ तारखेच्या रात्रीचं जेवण बाहेर सांगितलं. साडेआठची वेळ ठरली होती, डबे आले पावणेअकराला. त्यांच्याकडेच पर्यटकांची झुंबड होती, त्यांना तरी काय बोलणार? तोवर पोरं चहा-पाव खाऊन झोपली होती. म्हणून या आठवड्यात डबा सांगायचाच असेल तर दुपारचा सांगा आणि तो स्वतः जाऊन आणा.

मदतीला बाई मिळाली तर देवच पावला. तिने स्वयंपाक करावा असं नाही. नारळ, मासे आणि भाकऱ्या एवढं तिच्याकडे गेलं तरी आपली सकाळ अर्धी मोकळी होते. पण होमस्टेवाले याच दिवसांत याच बायकांना जास्त पैसे देऊन बोलावतात, आणि त्यांनी तिकडे जाऊ नये असं आपण कोणत्या तोंडाने म्हणणार? डिसेंबर उजाडायच्या आत विचारा, पैसे आधीच स्पष्ट बोला, आणि गुरुवारी तिला लवकर सोडा.

गुरुवारवरून आठवलं. २०२६ मध्ये २४ आणि ३१ डिसेंबर हे दोन्ही मार्गशीर्षातले गुरुवार आहेत. ज्या घरात महालक्ष्मीचा घट बसतो, तिथे थर्टी फर्स्टला मासे विसराच. मुंबईकरांना हे आत्ताच कळवून ठेवा, आयत्या वेळी तोंडं बघवत नाहीत. खतखतं, काळ्या वाटाण्याचं सांबार आणि शिरवाळे असा बेत झाला तर कोणी कुरकुर करत नाही, असा माझा अनुभव आहे. निदान तोंडावर तरी नाही.

या सगळ्यात मला अक्कल आली ती शेजारच्या ख्रिस्ती घरामुळे. त्यांच्याकडे नाताळाला आमच्याहून जास्त माणसं, पण २५ तारखेला मावशी नवी साडी नेसून पडवीत बसलेली. सोरपोतेल, म्हणजे डुकराच्या मटणाचं आंबट-तिखट कालवण, दोन-तीन दिवस आधीच शिजवलेलं असतं, व्हिनेगरमुळे ते रोज गरम करत गेलं की चढतच जातं. कुलकुल आणि नेवऱ्या त्याच्याही आधी डब्यात भरलेल्या. दोदोल ढवळायला पुरुषांना बसवतात, कारण गूळ, तांदळाचं पीठ आणि नारळाचा रस कडा सोडेपर्यंत हात थांबवून चालत नाही. मी विचारलं तर म्हणाली, "नाताळाक चुलीक सुट्टी गो!"

आमचं जेवण रोज ताजंच लागतं, त्यामुळे तिची युक्ती जशीच्या तशी उचलता येत नाही. तरी जे मुरतं ते आधी करावं किंवा बाहेरून आणावं आणि जे मुरत नाही तेवढंच घरी रांधावं, एवढं मी उचललं. मालवणी मसाला आणि सागोतीचं भाजलेलं वाटण २३ तारखेलाच तयार. दुपारी घरचे मासे-भात, रात्री पेज किंवा कुळथाची पिठी आणि सोबत भाजलेलं सुकट. कोंबडी-वडे आठवड्यात एकदाच, दुपारी, बाहेरून. बाई मिळाली तर नारळ तिच्याकडे, नाही मिळाली तर आडाळ्यावर दीर आणि भाचे आळीपाळीने. पहिल्या दिवशी बोटं खरचटतात, तिसऱ्या दिवशी बरा हात बसतो.

घरात लहान बाळ किंवा आजारी माणूस असेल तर मात्र हे काही करत बसू नका, सरळ दुपारचा डबा लावा.

आणि यादीत एक गोष्ट हमखास राहते. पंचवीसला मावशीकडून नेवऱ्यांचं ताट येणार, ते रिकामं परत देता येत नाही. जत्रेतून खाजं आणलं की त्यातलं पाव किलो मी फडताळात वर लपवून ठेवते, नाहीतर चोवीसलाच संपतं.