फक्त ऐकणारं डोंगल: आरटीएल-एसडीआर व्ही३, टीईच्या बॅचवर वापरून

आरटीएल-एसडीआर व्ही३ म्हणजे हवेतले रेडिओ सिग्नल पकडून कॉम्प्युटरला देणारं यूएसबी डोंगल. घाईत असाल तर निकाल आधीच सांगते. कॉम्प्युटरच्या पोरांना वायरलेस सिक्युरिटी शिकवायची असेल तर हे डोंगल डोळे झाकून घ्या. वायफाय हॅक करून दाखवायचंय म्हणून घेणार असाल तर घेऊ नका, कारण वायफाय त्याला दिसतच नाही. आणि पीएचडीच्या मोजमापांसाठी घेणार असाल तर जरा थांबा, त्यावर पुढे लिहिलंय.

मी पुण्याजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर आहे. एसईला (दुसऱ्या वर्षाला) पायथॉन, टीईला (तिसऱ्या वर्षाला) कॉम्प्युटर नेटवर्क्स आणि सिक्युरिटीचं प्रॅक्टिकल. पीएचडी लोरा (कमी विजेत लांबवर थोडा डेटा पाठवणारी वायरलेस पद्धत) डिव्हाइसेस त्यांच्या रेडिओवरून ओळखता येतात का, यावर चालू आहे. नोकरीत नवी असल्यामुळे टाइमटेबल, नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फायली आणि टेक फेस्टचे बॅनर हे सगळं आपसूक माझ्याकडे येतं. लॅबचं बजेट तेवढं येत नाही. म्हणून स्वस्तात काय मिळतं याच्यावर माझा डोळा असतो.

वस्तू दिसायला पेनड्राइव्हची थोरली बहीण. अ‍ॅल्युमिनियमची केस, एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला अँटेनासाठी एसएमए कनेक्टर. आत रिअलटेकची आरटीएल२८३२यू ही चिप. ही मुळात युरोपातल्या डीव्हीबी-टी पद्धतीच्या टीव्हीसाठी बनलेली. २०१२ च्या सुमारास काही खटपट्या लोकांच्या लक्षात आलं की ही चिप टीव्हीचं चित्र उलगडण्याच्या भानगडीत न पडता हवेतून आलेले कच्चे सॅम्पल, म्हणजे सिग्नलची क्षणाक्षणाची मोजमापं, थेट यूएसबीवर ओतू शकते. झालं, टीव्हीच्या डोंगलचा रेडिओ रिसीव्हर झाला. सोबतचा आर८२०टी२ ट्यूनर साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झपर्यंत कुठल्याही फ्रिक्वेन्सीवर लावता येतो. आपल्याकडे टीव्ही म्हणून त्याचा तसाही उपयोग नव्हता, दूरदर्शनने डीव्हीबी-टी२ घेतलं आणि या चिपला ते कळत नाही. हे सगळं मी आमच्या स्टोअरमध्ये समजावून सांगितलं, कारण बिलावर 'टीव्ही ट्यूनर' असं छापून आलं होतं आणि कॉलेजला टीव्ही कशाला हवा, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने रास्तच होता. शेवटी डेड स्टॉक रजिस्टरमध्ये 'रेडिओ रिसीव्हर, यूएसबी' अशी नोंद झाली. तीन कोटेशनं, जीएसटी बिल, एचओडींची सही, हे सोपस्कार लाखाच्या उपकरणाला जेवढे लागतात तेवढेच साडेतीन-चार हजारांच्या डोंगललाही लागतात.

पहिलं प्रॅक्टिकल ड्रायव्हरमध्ये जातं, हे गृहीतच धरा. विंडोज त्याला टीव्ही समजून स्वतःचा ड्रायव्हर चढवतं. मग झाडिग नावाचं छोटं टूल उघडायचं, ऑप्शन्समध्ये सगळी डिव्हाइसेस दाखवायला सांगायचं, यादीतून 'बल्क-इन इंटरफेस, इंटरफेस ०' निवडायचं आणि विनयूएसबी बसवायचं. यादी नीट न वाचता धडाधड क्लिक करणारा एक जण प्रत्येक बॅचमध्ये असतो. आमच्याकडे एकाने माउसचाच ड्रायव्हर बदलला आणि पुढचा अर्धा तास कीबोर्डवर काढला. लिनक्सवर हे सोपं: डीव्हीबीचं कर्नल मॉड्यूल (टीव्हीचा ड्रायव्हर) ब्लॅकलिस्ट करायचं, डोंगल काढून परत लावायचं. लॅबचे पीसी लिनक्सवर असतील तर तुम्ही नशीबवान.

एकदा चालू झालं की सुरुवात विविध भारतीने. जीक्यूआरएक्स हे रेडिओ ऐकायचं सॉफ्टवेअर उघडायचं, १०१ मेगाहर्ट्झ लावायचं. स्क्रीनवर निळ्या पार्श्वभूमीवर पिवळा-लाल पट्टा सरकत खाली येतो, त्याला वॉटरफॉल म्हणतात, आणि स्पीकरमधून पुणे केंद्र. आमची पोरं कोड लिहिणारी. रेडिओ म्हणजे ईएनटीसीवाल्यांचं (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमवाल्यांचं) काम, अशी त्यांची ठाम समजूत. नेटवर्कच्या पुस्तकात फिजिकल लेयर, म्हणजे सिग्नलचा सगळ्यात खालचा थर, पहिल्या युनिटमध्ये येतो आणि परीक्षेनंतर कुणाला आठवत नाही. तो लेयर डोळ्यांसमोर हलताना बघितल्यावर मागच्या बाकावरचे मोबाइल खाली जातात. एवढ्यासाठीसुद्धा पैसे वसूल झाले असं मी म्हणेन.

पण खरी गंमत दारावरच्या बेलची आहे.

रविवार पेठेत किंवा कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात दोन-तीनशे रुपयांना वायरलेस बेल मिळते. बटण दाराबाहेर, भोंगा आत. यातल्या कित्येक ४३३.९२ मेगाहर्ट्झवर चालतात आणि बटणात ईव्ही१५२७ किंवा तसलीच स्वस्त एन्कोडर चिप (दाबलं की ठरलेले बिट पाठवणारी) असते. डोंगल ४३३.९२ वर लावून बटण दाबलं की वॉटरफॉलवर तुटक रेघ उमटते. तेवढं रेकॉर्ड करायचं. इथे एक सूचना: सॅम्पल रेट सेकंदाला २४ लाख ठेवला तर एका मिनिटाची फाइल २८८ एमबी होते आणि लॅबच्या डिस्क दुपारपर्यंत भरतात. बेलसाठी अडीच लाख पुष्कळ झाले, मिनिटाला ३० एमबी.

मग ती फाइल पायथॉनमध्ये घ्यायची. प्रत्येक सॅम्पल म्हणजे दोन बाइट, एक आय आणि एक क्यू (सिग्नलचे दोन घटक), दोन्ही ० ते २५५ मध्ये. नमपाय या पायथॉनच्या गणिताच्या लायब्ररीने फाइल वाचायची, १२७.५ वजा करायचे, वर्ग करून बेरीज, वर्गमूळ, प्लॉट. एसईला शिकलेलंच पायथॉन. आणि पडद्यावर चक्क चौकोनी पल्स उभ्या राहतात: आखूड पल्स आणि लांब मोकळी जागा म्हणजे ०, लांब पल्स आणि आखूड मोकळी जागा म्हणजे १, प्रमाण एकास तीन. अधूनमधून खूप मोठी मोकळी जागा येते, तिथून नवी फेरी सुरू. पोरं पेन्सिलीने मोजतात. चोवीस बिट निघतात: वीस बटणाच्या ओळखीचे, चार कुठलं बटण दाबलं त्याचे.

आता बेल परत दाबायची, परत मोजायचं. तेच चोवीस बिट. पुन्हा दाबा. तेच. या टप्प्यावर मी काही बोलत नाही, कारण कुणीतरी बोलतंच. एका मुलीने विचारलं, "मॅडम, आमच्या सोसायटीच्या गेटचा रिमोट पण असाच असेल का?" असू शकतो, असं मी म्हटलं. मग कॉलेजच्याच एका सरांच्या कारची किल्ली त्यांच्या परवानगीने आणली. तीही ४३३.९२ च्या आसपासच. प्रत्येक दाबाला बिटांचा एक भाग तोच राहतो आणि दुसरा पार बदलतो. रोलिंग कोड वर्गात येतो तो असा. बाजारात मिळणाऱ्या एचसीएस३०१ सारख्या चिपमध्ये एका संदेशात ६६ बिट असतात, त्यातले ३२ दर दाबाला बदलणारे, कारण आत १६ बिटांचा एक काउंटर पुढे सरकत असतो आणि तो कीलॉक नावाच्या सायफरने एन्क्रिप्ट होतो. रिसीव्हर जुना काउंटर पुन्हा स्वीकारत नाही. बेलला हे काहीच नाही. आणि कीलॉकही अभेद्य नाही. २००८ मध्ये जर्मनीतल्या बोखुमच्या संशोधकांनी चिप किती वीज खाते ते मोजून त्याची गुप्त किल्ली बाहेर काढली होती. ऐकलेला संदेश जसाच्या तसा परत पाठवून फसवणं म्हणजे रिप्ले अटॅक. 'रिप्ले अटॅक, व्याख्या लिहा, चार गुण' हे मी याआधी फळ्यावर लिहून दिलेलं आहे. व्याख्या पाठ होते, एवढंच.

यानंतरचा प्रश्न दर बॅचला येतो आणि मी त्याचीच वाट बघत असते: "मॅडम, हे बिट परत पाठवले तर बेल वाजेल?" वाजेल. या डोंगलने नाही, कारण हे फक्त ऐकतं. त्याच्यात ट्रान्समीटरच नाही.

इंटरनेटवर लोक हा दोष म्हणून लिहितात. 'ट्रान्समिट नाही, म्हणून एक स्टार कमी.' माझ्या मते वर्गासाठी याच्याइतका मोठा गुण दुसरा नाही. हॅकआरएफ वन हा दुसरा रेडिओ पाठवतोही आणि ऐकतोही, १ मेगाहर्ट्झपासून ६ गिगाहर्ट्झपर्यंत, किंमत कैक पट. तो माझ्या हातात ठीक आहे. एकोणीस-वीस वर्षांच्या वीस जणांच्या बॅचमध्ये तो टेबलावर ठेवून मी फळ्याकडे तोंड कसं फिरवणार? शेजारच्या सोसायटीचं गेट उघडलं तर जबाबदारी कुणाची, हे सांगायला प्राचार्यांची गरज नाही. शिकायला लागणारं जवळजवळ सगळं ऐकण्यात आहे. पाठवायची हौस असलेल्यांना मी हॅम रेडिओची परीक्षा द्यायला सांगते: एएसओसी हे हौशी रेडिओचं सरकारी सर्टिफिकेट आणि लायसन्स घ्या, व्हीयू३ ने सुरू होणारा कॉलसाइन (स्टेशनचं नाव) मिळवा, मग हक्काने बोला. ऐकण्याच्या बाबतीतही वर्गाचा नियम आहे. आपली बेल, आपली किल्ली, एफएम, विमानं. मोबाइल आणि पोलिसांच्या फ्रिक्वेन्सीकडे वळायचं नाही. वळलेलं दिसलं तर टर्म वर्कमध्ये दिसेल.

विमानांचं प्रॅक्टिकल थोडक्यात: १०९० मेगाहर्ट्झवर प्रवासी विमानं आपली जागा, उंची, वेग उघड्यावर सांगत असतात, ना एन्क्रिप्शन ना सही. तांब्याच्या तारेचा ६.९ सेंटिमीटरचा तुकडा, म्हणजे तरंगलांबीचा चौथा भाग, अँटेना म्हणून चालतो. डंप१०९० हे ते संदेश उलगडणारं सॉफ्टवेअर चालवलं की लोहगावला (पुणे विमानतळावर) उतरणारी विमानं नकाशावर दिसतात. गच्चीवर करा, तळमजल्याच्या लॅबमध्ये काही मिळत नाही. जुने व्हिडिओ बघून नोआच्या (अमेरिकेच्या हवामान संस्थेच्या) उपग्रहांची चित्रं घ्यायला मात्र बसू नका. १३७ मेगाहर्ट्झवरचे नोआ १५, १८ आणि १९ हे तिन्ही २०२५ मध्ये बंद केले. रशियाचे मेटेऑर आहेत, पण त्यांचं डिकोडिंग वेगळं.

आता उणिवा. वरची हद्द १७६६ मेगाहर्ट्झ, त्यामुळे २.४ गिगाहर्ट्झवरचं वायफाय, ब्लूटूथ, झिगबी सगळं हद्दीबाहेर. आणि हद्द वाढवली असती तरी वायफायचं चॅनेल २० मेगाहर्ट्झ रुंद, हे एका वेळी बघतं जेमतेम २.४. विषयाचं नाव वायरलेस सिक्युरिटी आणि वायफायच नाही, असं विद्यार्थी म्हणतात. त्या प्रॅक्टिकलला मॉनिटर मोड (आसपासचे वायफाय पॅकेट ऐकण्याची सोय) चालणारं वेगळं यूएसबी अडॅप्टर आणि ते पॅकेट वाचणारं वायरशार्क लागतं. दुसरं, एडीसी (सिग्नलचे आकडे करणारा भाग) आठ बिटांचा. सगळ्यात दुबळ्या आणि सगळ्यात दणकट सिग्नलमधलं अंतर कागदावर जास्तीत जास्त ५० डेसिबल. जवळ एखादं दणदणीत एफएम स्टेशन असेल तर त्याची भुतं भलत्याच ठिकाणी दिसतात आणि पोरं ती नवीन सिग्नल म्हणून जर्नलमध्ये लिहितात. गेन (सिग्नल किती मोठा करायचा ते) ऑटोवर ठेवू नका, हाताने कमी करा, निम्मी भुतं जातात. तिसरं, गरम होतं. केस धातूची आहे ती त्यासाठीही, उष्णता तिच्यातून बाहेर पडते. हाताला चटका बसण्याइतकं नाही, पण पहिल्यांदा हात लावणारा दचकतो.

संशोधनाचं सांगायचं राहिलं. माझं काम असं: प्रत्येक लोरा ट्रान्समीटरचा क्रिस्टल ठरलेल्या फ्रिक्वेन्सीपासून जरासा हललेला असतो आणि तो हललेपणा त्याची खूण म्हणून वापरायचा, म्हणजे कुणी दुसऱ्याच्या मीटरचा आयडी चोरून बोलला तर पकडता येईल. आपल्याकडे लोरा ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झमध्ये. तिथे एक पीपीएमची चूक, म्हणजे दहा लाखांत एक भाग, ८६६ हर्ट्झ होते. व्ही३ मध्ये एक पीपीएमचा टीसीएक्सओ (तापमान बदललं तरी फारसा न हलणारा क्रिस्टल) आहे, या किमतीला हे फार चांगलं. बिनब्रँडची निळी प्लॅस्टिकची डोंगलं मिळतात त्यांत साधा क्रिस्टल. तो ५० पीपीएमने हलला की रिसीव्हरच ४३ किलोहर्ट्झ चुकीचं सांगणार, आणि लोराचं चॅनेल आहे १२५ किलोहर्ट्झचं. तरीही खूण मोजताना व्ही३ च्या घड्याळाचा स्वतःचा हललेपणा आकड्यांत मिसळतो, शिवाय गरम होईपर्यंत तो बदलत राहतो. म्हणून पेपरमध्ये जाणारा डेटा मी बारा बिटांच्या, बाहेरून क्लॉक घेणाऱ्या दुसऱ्या संस्थेतल्या उपकरणावर घेते. व्ही३ वर फक्त चाचपणी: सिग्नल येतोय का, कुठल्या चॅनेलवर, किती दमाचा. चालू करून दहा-पंधरा मिनिटं तापू द्यायचं, मग बघायचं. गाइडना हेही पटवावं लागलं, कारण त्यांचा आग्रह होता की 'आहे त्यात भागवा'.

घेताना नक्कल टाळा. आमच्या पहिल्या ऑर्डरमध्ये एका ऑनलाइन विक्रेत्याने सारख्याच दिसणाऱ्या केसमध्ये भलताच माल दिला होता. विविध भारती १०१ वर न लागता थोडी बाजूला लागली तेव्हा शंका आली. परत करायला महिना गेला. खरं असेल तर स्टेशन आकड्यावर येतं, ही सोपी परीक्षा. सोबत डायपोल अँटेनाचा किट असलेलं पॅकेट घ्या, नुसतं डोंगल घेतलं तर अँटेनासाठी परत कोटेशनं काढावी लागतात. प्रत्येक डोंगलमागे एक मीटरभर यूएसबी एक्सटेन्शन केबल घ्या, पीसीच्या पाठीमागच्या गोंगाटापासून ते जितकं लांब तितकं बरं. वीस जणांच्या बॅचला पाच पुरतात, चार-चारचा गट. बेल मात्र दोनच आणा, पाच आणल्या तर सगळे एकाच वेळी दाबतात आणि वॉटरफॉलवर काही म्हणजे काही वाचता येत नाही.