टी-सेल्सची वाढ दाबणारं औषध तपासायचंय: थायमिडीन, एमटीटी की सीएफएसई?

रत्नागिरी-चिपळूणकडे बसून हे काम करणार असाल तर पद्धत आधी ठरवा, रक्त काढल्यावर नाही.

सुरुवात तिन्हींची सारखीच. ताजं रक्त फायकॉलवर, म्हणजे पेशी वेगळ्या करणाऱ्या दाट द्रावणावर, चढवून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं, ट्यूब बाहेर काढली की मधोमध सायीसारखा पांढरट थर दिसतो तो अलगद उचलायचा, मग पीएचए घालायचं, म्हणजे राजम्यातलं प्रोटीन ज्याने टी-सेल्स (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) वाढायला लागतात, आणि सोबत औषधाचे वेगवेगळे डोस.

थायमिडीन जुनी आणि फार सेन्सिटिव्ह पद्धत. पेशी नवा डीएनए बनवताना ट्रिटियमवालं (म्हणजे किरणोत्सर्गी हायड्रोजनवालं) थायमिडीन आत घेते, ते मोजायचं. पण ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) परवानगी, कचऱ्याची वेगळी सोय... छोट्या कॉलेजने यात पडू नये.

एमटीटी स्वस्त. जिवंत पेशी या पिवळ्या रसायनाचे जांभळे स्फटिक बनवतात, ते विरघळवून ५७० नॅनोमीटरच्या आसपास रीडिंग घ्यायचं, झालं. गोची अशी की ते पेशी किती जोमात आहे ते सांगतं, विभागली का ते नाही. रीडिंग कमी आलं तर औषधाने वाढ थांबवली की पेशी मारूनच टाकल्या? इथे सगळा प्रश्नच तो आहे ना! डोसचा पहिला अंदाज घ्यायला वापरा, त्यापुढे नको.

मी सीएफएसईच सांगेन. हा चमकणारा रंग, पीएचए घालायच्या आधीच पेशींना लावायचा. पेशी विभागली की रंग निम्मा होतो, परत विभागली की परत निम्मा, त्यामुळे ग्राफवर एकामागे एक शिखरं डावीकडे सरकताना दिसतात आणि औषध लागू पडलं की उजवीकडचं एकच उंच शिखर उरतं. फ्लो सायटोमीटर (एकेका पेशीची चमक मोजणारं यंत्र) जवळ नाही म्हणून लोक बिचकतात, पण हा रंग प्रोटीनला पक्का चिकटतो, पेशी फिक्स करून (रसायनाने आहे त्या स्थितीत टिकवून) फॉइलमध्ये गुंडाळून आइस बॉक्समधून कोकण रेल्वेने मुंबईला नेता येतात. फक्त मेलेल्या पेशी ओळखणारा डाय फिक्सिंगला टिकणारा घ्या आणि तो फिक्स करायच्या आधीच लावा, त्यासाठी नेहमी वापरतात ते प्रोपिडियम आयोडाइड इथे चालत नाही.

पावसाळ्याचं मात्र मनावर घ्या. जुलैत रात्री लाईट गेली आणि माझी तीन दिवसांची प्लेट सकाळी गार पडलेली, खूप वाईट वाटलं, कोणीतरी हात पुढे करून दिलेलं रक्त होतं ते. इन्क्युबेटरला बॅकअप नसेल तर ऑक्टोबरपर्यंत थांबा.

आणि पहिली रन सायक्लोस्पोरिनवर करा, ते टी-सेल्सची वाढ दाबतं हे आधीच माहीत आहे; शेजारी नुसत्या डीएमएसओचं, म्हणजे औषध ज्यात विरघळवतो त्या द्रवाचं, कंट्रोल ठेवून. सायक्लोस्पोरिननेही शिखरं सरकायची थांबली नाहीत तर तुमच्या औषधाची प्लेट अजून लावू नका.