बॅटरी न उघडताच ‘टोटल लॉस’ ठरवलेली गाडी

अपघातग्रस्त गाडी दुरुस्त करून द्यायची की ‘टोटल लॉस’ म्हणून, म्हणजे दुरुस्तीऐवजी पैसे देऊन, निकाली काढायची, हे विमा कंपनी दोन आकड्यांवरून ठरवते. एक आकडा म्हणजे वर्कशॉपने दिलेले दुरुस्तीच्या खर्चाचे अंदाजपत्रक आणि दुसरा म्हणजे पॉलिसीवर छापलेली आयडीव्ही, अर्थात विम्यापुरती मान्य केलेली गाडीची किंमत. हा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला, की गाडी निकालात निघते. माझ्या इलेक्ट्रिक गाडीच्या बाबतीत हे दोन्ही आकडे इतरांनी आपल्या सोयीने ठरवले. तसाच प्रसंग आणखी कोणावर येऊ नये, म्हणून सगळा व्यवहार आकड्यांसह लिहीत आहे.

गाडीची कंपनीने जाहीर केलेली किंमत १६ लाख होती आणि तिला दोन वर्षे पूर्ण झाली होती. मोटार विम्याच्या रूढ तक्त्याप्रमाणे दोन ते तीन वर्षांच्या गाडीला ३० टक्के घसारा धरतात, म्हणजे आयडीव्ही ११ लाख २० हजारांच्या आसपास यायला हवी होती. नूतनीकरण करताना एजंटने प्रीमियम काही हजारांनी कमी करून दिला आणि ही सवलत ‘नो क्लेम बोनस’ची, म्हणजे आधी दावा न केल्याबद्दलची आहे, असे सांगितले. प्रत्यक्षात त्याने आयडीव्हीच ९ लाख ६० हजारांवर आणून ठेवली होती.

पुढे घाटात दरडीचा एक दगड गाडीच्या पोटाला लागला. बॅटरी पॅक तिथेच, तळाशी बसवलेला असतो. पॅकच्या खालच्या आवरणाला पोचा आला, परंतु डॅशबोर्डवर बॅटरीसंबंधी कोणताही इशारा दिसत नव्हता. वर्कशॉपने मात्र संपूर्ण पॅक बदलावा लागेल असे सांगून मजुरी आणि जीएसटी धरून ७ लाख ६० हजारांचे अंदाजपत्रक दिले. पॅकवर आठ वर्षांची वॉरंटी होती, पण बाहेरून झालेली इजा तिच्यात बसत नाही, आणि केवळ आवरण बदलले तर उरलेली वॉरंटीही जाईल, अशी भीती मला घालण्यात आली.

आता हिशेब पाहा. ११ लाख २० हजारांचे ७५ टक्के होतात ८ लाख ४० हजार. त्या आयडीव्हीवर हाच खर्च मर्यादेच्या आत राहिला असता आणि गाडी दुरुस्त करून देणे कंपनीला भाग पडले असते. ९ लाख ६० हजारांचे ७५ टक्के होतात ७ लाख २० हजार. नूतनीकरणात वाचलेल्या त्या काही हजारांपायी माझी गाडी भंगारात गेली.

नुकसानीचा अंदाज घेणारे विम्याचे सर्व्हेअर आले, त्यांनी खालून छायाचित्रे घेतली आणि वर्कशॉपचा आकडा जसाच्या तसा उचलला. त्यांच्या अहवालाची प्रत मागण्याचा हक्क विमाधारकाला असतो, ही गोष्ट वर्कशॉप किंवा कंपनी यांपैकी कोणीही आपणहून सांगत नाही. मी लेखी मागणी करून ती मिळवली. पॅकमधील सेलचे व्होल्टेज, इन्सुलेशनचा रोध, आवरणाची गळती-चाचणी, कंट्रोल युनिटमधील फॉल्ट कोड यांपैकी एकाही तपासणीची नोंद त्या अहवालात नव्हती. पॅक निकामी आहे की नाही, हे याच तपासण्यांतून कळते. छायाचित्रातून फार तर पत्रा वाकलेला दिसतो.

ही प्रत हाती पडेपर्यंत तडजोड उरकली होती. कंपनीने मोडक्या गाडीच्या लिलावात आलेली २ लाख ८० हजारांची सर्वोच्च बोली वजा करून ६ लाख ८० हजार मला द्यायचे आणि बोली लावणाऱ्याने उरलेली रक्कम देऊन गाडी उचलायची, असे ठरले. त्याला वर्कशॉपचाच एक कर्मचारी घेऊन आला होता. मूळ आरसी आणि सह्या केलेले, मालकी हस्तांतराचे कोरे २९ व ३० क्रमांकाचे फॉर्म द्या, गाडी सुटी करून तिचे भाग विकले जातील आणि नोंदणी आम्हीच रद्द करून घेऊ, असे या दोघांनी मला सांगितले.

काही आठवड्यांनी माझ्या फास्टॅगमधून परराज्यातील एका नाक्यावर टोल कापला गेला. पाठोपाठ त्याच क्रमांकाचे वेगमर्यादेचे ई-चलन आले. त्यासोबतच्या छायाचित्रात माझीच गाडी भरधाव चाललेली दिसत होती. आठ लाखांच्या घरातला नवा पॅक घालून ती कोणी इतक्या लवकर रस्त्यावर आणेल, यावर माझा विश्वास बसत नाही. आवरण बदलून जुन्याच पॅकवर ती चालवली जात असावी, असे माझे ठाम मत आहे.

गाड्यांच्या नोंदणीच्या ‘वाहन’ या सरकारी पोर्टलवर मालक म्हणून तोवर माझेच नाव होते. याचा धोका चलनाच्या दंडापुरता नाही. नोंदणीत ज्याचे नाव असते तोच कायद्याने मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे त्या गाडीखाली कोणी सापडले असते, तर भरपाईचा दावा माझ्यावर आला असता. गाडी कायमची निकामी झाली असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ नुसार मालकाने १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवून आरसी परत करायची असते. गाडी विकत असाल, तर फॉर्मवर खरेदीदाराचे नाव आणि तारीख भरल्याशिवाय सही करू नका, त्याच्या ओळखपत्राची प्रत ठेवा, फास्टॅग त्याच दिवशी बंद करा आणि हस्तांतराची सूचना आरटीओकडे स्वतः नोंदवा.

मी आरटीओला आणि पोलिसांना लेखी कळवले आहे. विमा कंपनीला दिलेल्या तक्रारीचे समाधानकारक उत्तर महिनाभरात न मिळाल्याने प्रकरण पुण्याच्या विमा लोकपाल कार्यालयात नेले आहे. कंपनीने तक्रार फेटाळल्यापासून वर्षभरात तिथे जाता येते, शुल्क लागत नाही आणि वकीलही द्यावा लागत नाही. अर्जासोबत मी सर्व्हे अहवाल, जुन्या आणि नव्या पॉलिसीवरील आयडीव्हीचे आकडे, टोलची नोंद आणि चलनाचे छायाचित्र जोडले आहे. पॅकची तांत्रिक तपासणी झाली असेल तर तिच्या नोंदी कंपनीने हजर कराव्यात, ही माझी पहिली मागणी आहे.