दारणेच्या पाण्यात कापलेला शाफ्ट: आठ महिन्यांचा अनुभव

होडीच्या मागच्या फळीवर लावायची माझी जुनी मोटर मी शाफ्ट, म्हणजे इंजिनाची फिरकी खाली पंख्याकडे नेणारा उभा दांडा, कापून आखूड करून घेतली. ऑक्टोबरपासून ती दारणा धरणाच्या बॅकवॉटरमध्ये जवळजवळ रोज चालते आहे. "शाफ्ट पाच इंच कापून घेतला" एवढंच ऐकून ओळखीतले दोघे तसंच करायला निघाले होते, म्हणून सगळं नीट लिहितो.

मोटर १५ हॉर्सपॉवरची, टू-स्ट्रोक, कोकणातून जुनी घेतलेली. तिकडे लाटा असतात, होडीची मागची फळी उंच असते, त्यामुळे २० इंची लाँग शाफ्ट लागतो. आमच्या फायबरच्या होडीची फळी मध्यभागी मोजली तर साडेपंधरा इंच, म्हणजे १५ इंची शॉर्ट शाफ्टचं काम. मोटर तशीच लावली तर पंख्याच्या वरची आडवी प्लेट, जी होडीच्या तळाला समतल किंवा फार तर इंचभर खाली हवी, ती साडेचार इंच खाली गेली. पावसाळ्यात चाललं. पण उन्हाळ्यात आवर्तनं सुटली की दारणेचं पाणी झपाट्याने उतरतं, काठचे खडक आणि जुन्या झाडांचे बुंधे वर येतात. तेव्हा एवढा खोल पंखा म्हणजे आज ना उद्या आपटणारच.

आधी आपल्या मोटरला मधला एक्स्टेन्शनचा तुकडा आहे का, ते बघा. माझ्या मोटरला वरच्या लेग (मोटरचा पाय) आणि खालच्या गिअरकेसच्या (पंख्याजवळचा गिअरचा डबा) मध्ये पाच इंचांचा वेगळा तुकडा होता. तो काढला की केसिंग आपोआप शॉर्ट होतं. तुकडा नसेल तर या भानगडीत पडू नका, फळीवर लाकडी ठोकळा बसवून मोटर वर उचला. तो उपाय स्वस्त आहे आणि परत फिरवता येतो. मोटरचं वजन तेवढं वर जातं, हे मात्र लक्षात ठेवा.

पहिल्या वेळी मी चुकलो. एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये गेलो, तिथला माणूस म्हणाला, "दादा, मधून कापतो, वेल्ड मारतो, तासाभरात घेऊन जा." मी हो म्हणालो. जोड ग्राइंडरने घासून दिला, पण तो थोडा जाड राहिला होता. मोटर थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचा इम्पेलर (पंपातलं रबरी चाक) शाफ्टवर वरच्या टोकाकडून उतरवावा लागतो, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. जोडावरून तो ठोकून उतरवला आणि त्यातच त्याचं मधलं बुश हललं. शिवाय शाफ्ट किंचित वाकडा फिरत होता. तीन आठवड्यांत वरचं सील (गिअरकेसमध्ये पाणी शिरू न देणारी रबरी कडी) गेलं, गिअर ऑईल काढलं तर ताकासारखं पांढरं. आत पाणी शिरलेलं. वेळीच कळलं म्हणून गिअर वाचले.

मग जुन्या मालातून तसाच दुसरा लाँग शाफ्ट मिळवला आणि अंबडमधल्या एका वयस्कर टर्नर काकांकडे गेलो. त्यांनी दोन्ही शाफ्ट शेजारी ठेवून अर्धा तास नुसते पाहिले. म्हणाले, "खालचं टोक हातात घ्यायचं नाही. पिनियनचे (गिअरकेसमधल्या छोट्या गिअरचे) दाते, बेअरिंगची जागा, सीलची जागा, इम्पेलरच्या चावीची खाच, सगळं तिकडे आहे. जे कापायचं ते वरून." एक्स्टेन्शनच्या तुकड्याची उंची व्हर्नियरने मोजली, १२७ मिलिमीटर भरली, तेवढंच वरून काढलं. मग टोक टर्न करून मिलिंगवर नवे स्प्लाइन, म्हणजे इंजिनाच्या क्रँकमध्ये अडकणारे उभे दाते, कापले, शाफ्टच्या कापून काढलेल्या तुकड्याचे दाते मोजून, त्याच मापाचे. ओ-रिंगची खाच पुन्हा कापली. शेवटी शाफ्ट सरळ फिरतो का हे बघायला डायल गेज लावला, काटा जेमतेम थरथरला. क्रँकमध्ये शाफ्टच्या टोकाला थोडी मोकळी जागा राहते का, हेही त्यांनी तपासायला लावलं. तिथे शाफ्ट टेकला तर तो क्रँकला वर आणि पिनियनला खाली ढकलत राहतो. ग्रीस फक्त दात्यांच्या बाजूंना लावायचं, माथ्यावर नाही. माथ्यावर ग्रीस साचलं की गिअरकेस बोल्ट लावूनही पुरतं बसत नाही. हे मी स्वतः अनुभवलं, दोनदा उतरवून पुसलं.

शाफ्टबरोबर आणखी दोन गोष्टी कापाव्या लागतात, पाण्याची नळी आणि गिअरची दांडी. नळी लांब राहिली तर आत वाकते, तोकडी पडली तर पंपाच्या रबरी ग्रोमेटमध्ये (नळी बसते त्या कडीत) शिरत नाही. आमची दोन-तीन मिलिमीटर तोकडी पडली. मोटर ड्रममध्ये सुरू केली तर थंड करणाऱ्या पाण्याची मागची पिचकारी येईना. लगेच बंद केली, कारण पाण्याशिवाय इम्पेलर बघता बघता जळतो. दुसरी नळी कापली. दांडीचं तसंच. लिव्हर मधोमध असताना पंखा हाताने दोन्हीकडे मोकळा फिरला पाहिजे, नाहीतर डॉग क्लचच्या (गिअर पकडणाऱ्या खाचेदार कडीच्या) कडा झिजून गिअर निसटायला लागतो.

आता वापराबद्दल. मे महिन्यात पाणी सगळ्यात खाली असताना जाळी काढायला काठाजवळ जाता आलं, जिथे आधी मोटर बंद करून वल्ही घ्यावी लागत होती. पंख्यावर एकच ओरखडा आहे. मोटरचा पाय पाण्यात कमी बुडत असल्याने होडी हलकी पळते, हाताला जाणवतं. तीव्र वळणावर पूर्ण थ्रॉटल ठेवला तर मात्र कधीकधी पंखा हवा ओढतो आणि आवाज एकदम चढतो. मी तिथे थ्रॉटल कमी करतो.

जूनमध्ये गिअरकेस उतरवलं. ऑईल स्वच्छ होतं. नवा इम्पेलर शाफ्टवरून हाताने, नुसत्या बोटांच्या जोरावर, खाली उतरला. स्प्लाइनच्या दात्यांवर एका बाजूला चमक आली आहे. दाते कापल्यानंतर काकांनी ते पुन्हा कडक केले नव्हते, म्हणून तिकडे लक्ष ठेवून आहे. दिवाळीनंतर पुन्हा उघडून बघणार. तयार शॉर्ट शाफ्ट मिळत असेल तर तोच घ्या, कापायला जाऊ नका. मला मिळाला नाही. एक्स्टेन्शनचा तुकडा आणि त्याचे लांब बोल्ट तेल लावून पिशवीत ठेवले आहेत.