सीएक्स७५० की आरएम७५०ई? वॅट सारखेच, बाकी बरंच वेगळं

कोर्सेअरचे हे दोन्ही कॉम्प्युटरचे पॉवर सप्लाय ७५० वॅटचे. सीएक्सला ८० प्लस ब्राँझ (वीज किती कमी वाया जाते त्याचा दर्जा; गोल्ड त्याच्या वरचा) आणि ५ वर्षांची वॉरंटी. आरएम७५०ईला गोल्ड आणि ७ वर्षं.

आता विजेचा हिशेब. ११५ व्होल्टच्या चाचणीत निम्म्या लोडला ब्राँझला किमान ८५ टक्के, गोल्डला ९० टक्के कार्यक्षमता लागते. म्हणजे ३७५ वॅट लोडला भिंतीतून सुमारे ४४१ विरुद्ध ४१७ वॅट. रोज ४ तास गेमिंग केलं तर वर्षाला साधारण ३५ युनिट वाचतात. निव्वळ बिलासाठी गोल्ड घेऊ नका, पैसे वसूल व्हायला वर्षं जातात.

खरा फरक केबलींचा. आरएम७५०ई पूर्ण मॉड्युलर, छोट्या कॅबिनेटमध्ये नको त्या केबली काढून ठेवता येतात. सीएक्सचा सगळा जुडगा कुठेतरी कोंबावाच लागतो. पण मॉड्युलरमध्ये एक धोका: जुन्या सप्लायच्या केबली नव्याला लावू नका. प्लग बसतो, पण पिनांची मांडणी वेगळी निघू शकते आणि एसएसडी (डेटा साठवणारी ड्राइव्ह) जळू शकते.

ग्राफिक्स कार्डाला दोन ८-पिन सॉकेट असतील तर दोन स्वतंत्र केबली ओढा. १२व्हीएचपीडब्ल्यूआर सॉकेटचं (नव्या कार्डांवरचं १६-पिन पॉवर सॉकेट) कार्ड असेल, तर सरळ आरएम७५०ई घ्या.